मुक्कामाला आलेले मुखवटे

ढमालेबाई कुठलाही मुखवटा आधी उलटा दाखवायच्या. आलेला माणूस भिंतीवरची लांब जिभेची, बटबटीत डोळ्यांची तोंडं बघून मोबाइल काढायच्या बेतात असायचा. तेवढ्यात बाई एक मुखवटा खिळ्यावरून उतरवायच्या आणि त्याची आतली बाजू त्याच्या नाकासमोर धरायच्या. “तोंड काय, सगळेच दाखवतात. याचं पोट बघा आधी.” आत लाकूड काळं पडलेलं असायचं. कपाळ टेकतं तिथं जुन्या धोतराच्या चिंधीची घडी चिकटवलेली, हनुवटीपाशी घामाचे डाग, श्वासाच्या भोकाची कड झिजून गुळगुळीत झालेली. “किती जणांचा घाम आहे यात, सांगा बरं,” बाई विचारायच्या. कुणालाच सांगता यायचं नाही. मग त्या मुखवटा सुलटा करायच्या, आणि मघाचंच तोंड आता वेगळं दिसायचं. मला तरी दिसलं होतं.

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले ती कॉलेजच्या प्रकल्पासाठी. मोशीच्या जुन्या गावठाणात त्यांच्या भावाची पिठाची गिरणी होती, तिच्या वरच्या दोन खोल्या म्हणजे बाईंचं मुखवटा संग्रहालय. जिना इतका अरुंद की दळणाचा डबा घेऊन कुणी खाली उभं असेल तर वर जाणाऱ्यानं थांबायचं. माझे वडील लातूरकडून आलेले, भोसरीत फाउंड्रीत काम करायचे. आमच्या घरात कॉलेज पुरं करणारी मी पहिली. हे मी सगळीकडे सांगते, तसं बाईंनाही पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं. त्या स्टुलावर चढायच्या तयारीत होत्या. म्हणाल्या, “बरं झालं. पहिल्या पदवीधराला स्टूल धरता येतं ना?” मी स्टूल धरलं, आणि त्या दिवसापासून माझं नाव पदवीधर पडलं. प्रकल्प झाला, पदवी हातात आली, पुढे नोकरीही लागली, तरी सुट्टीच्या दिवशी मी तिथं स्टूल धरायला जात राहिले.

बाई मुळात चित्रकलेच्या शिक्षिका. उभी हयात चाकणच्या आसपासच्या खेड्यांतल्या शाळांत गेली. त्या गावांच्या यात्रांत सोंगं निघायची. गणपती, नरसिंह, वेताळ, त्राटिका असे लाकडी मुखवटे चढवून माणसं संबळाच्या तालावर नाचायची. कुठलं सोंग कुठल्या घरानं नाचवायचं हे ठरलेलं, त्याला मान म्हणतात. एरवी वर्षभर मुखवटे त्या त्या घरी गोठ्याच्या आढ्याला टांगलेले असायचे. मग कंपन्या आल्या, जमिनी गेल्या, गोठे पाडून स्लॅबची घरं झाली. नव्या घरात सोफा बसला, टीव्ही बसला, पण त्राटिकेला काही जागा मिळेना. कुणी ती माळ्यावर टाकली, कुणी नदीत सोडायचं म्हणू लागलं.

बाईंनी दारोदार जाऊन ते मुखवटे मागून आणले. मागितले म्हणणंही चूक आहे. त्यांचं बोलणं ठरलेलं असायचं: “मला देऊ नका. माझ्याकडं मुक्कामाला ठेवा. यात्रेला घेऊन जा, नाचवा, परत आणून सोडा.” प्रत्येक घराला त्यांनी हा शब्द दिला होता. लिहिलेलं काही नव्हतं. चैत्र लागला की मोटारसायकलवर, टेम्पोत, चादरीत गुंडाळून एकेक मुखवटा जिना उतरायचा आणि यात्रा झाली की परत यायचा. त्या दिवसांत भिंतीवर नुसते खिळे दिसायचे. मी एकदा म्हटलं, “बाई, या दिवसांत कुणी बघायला आलं तर?” तर म्हणाल्या, “गेलेत म्हणून सांगायचं. माणूस घरी नसला की आपण तसंच सांगतो ना?”

खाली गिरणी सुरू झाली की वरची भिंत थरथरायची आणि सगळे मुखवटे बारीक माना हलवायचे. शाळेची पोरं आली की त्यांना हे फार आवडायचं. पीठ मात्र सगळीकडे बसायचं. बाई रोज मऊ ब्रशनं एकेकाचं नाक पुसायच्या आणि पुसताना त्यांच्याशी बोलायच्या, तेही शिक्षिकेच्या भाषेत नाही. बाईंच्या दोन भाषा होत्या. एरवी शुद्ध, फळ्यावर लिहिल्यासारखी. राग आला किंवा माया आली की भाषा शाळा सोडून थेट गावात जायची.

मग रस्ता रुंदीकरणाची खूण गिरणीच्या भिंतीवर आली. लाल रंगाचा बाण, वरच्या खोल्यांपर्यंत. दिवाळीच्या आत जागा रिकामी करायची होती. बाईंच्या भावाला दुसरीकडे गाळा मिळणार होता, पण त्याच्यावर मजला नव्हता. मुखवटे न्यायचे कुठे, या एका प्रश्नानं बाईंची झोप उडाली. जिना चढताना त्या मध्येच थांबू लागल्या आणि भिंतीला हात लावून उभ्या राहू लागल्या.

अशात एका नव्या गृहप्रकल्पाच्या न्यासाकडून विचारणा आली. मोठ्या इमारतींच्या मध्ये त्यांनी एक कलादालन बांधलं होतं. काचेची कपाटं, दिवे, वातानुकूलन, सगळं तयार. आत ठेवायला काही नव्हतं. न्यासाच्या वतीनं जोगळेकर मॅडम दोनदा येऊन गेल्या. अभ्यासू बाई, मोजकं बोलणारी. त्यांना सगळ्यांत आवडली होती ती त्राटिका. उंबराच्या एका तुकड्यातून कोरलेली, गेरू आणि काजळाचे थरावर थर चढलेली, एका बाजूला कानशिलापासून जबड्यापर्यंत भेग गेलेली. तिच्यासमोर मॅडम बराच वेळ उभ्या राहिल्या होत्या. जाताना म्हणाल्या, “यात्रा झाल्या की सगळे मुखवटे जागेवर असताना मी शेवटचं बघून जाते. मग ठरवून टाकू.” बाईंनी मान हलवली. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी मला खालून भेळ आणायला सांगितली.

यात्रा झाल्या. गणपती आला, नरसिंह आला, वेताळ आला. त्राटिका आली नाही.

त्राटिकेचा मान होता संतोषच्या घराचा. संतोष चाकणच्या एका गाड्यांच्या कंपनीत रंगाच्या विभागात कामाला. आजोबांनंतर वडिलांनी आणि वडिलांचे गुडघे गेल्यावर त्यानं त्राटिका नाचवली होती. सरळ मुलगा. मी फोन केला की म्हणायचा, “उद्या आणतो ताई.” उद्या गेला की, “शिफ्ट बदलली ताई, परवा नक्की.” मला काही ठीक वाटेना. मी बाईंना म्हटलं, “आपणच जाऊन आणू या का?” बाई म्हणाल्या, “त्याच्या घरची आहे ती. आपण काय वसुलीला जायचं?” पण फोन वाजला की त्या माझ्याकडे बघायच्या.

मॅडम अकराला येणार होत्या. त्या सकाळी बाईंनी इस्त्रीची साडी नेसली होती. खिळे सगळे भरलेले, एक सोडून. साडेदहाच्या सुमारास खाली मोटारसायकल थांबली आणि संतोष चादरीचं गाठोडं छातीशी धरून जिना चढून आला. तो आत आला त्याच्या आधी वास आत आला. थिनरचा.

“जरा लेट झाला बाई,” तो म्हणाला. “क्लिअर कोट नीट सुकल्याशिवाय आणायची न्हवती.”

त्यानं टेबलावर चादर सोडली. आत एक नवीकोरी, चकचकीत, लालभडक त्राटिका होती. शोरूममधल्या गाडीसारखी. तिच्या गालात खिडकी दिसत होती, खिडकीतला विजेचा खांब दिसत होता. भेग कुठेच नव्हती. जीभ गुलाबी, दात पांढरेफेक, डोळ्यांची बुबुळं काळीभोर आणि गोल.

“साहेबलोक येणार, हॉल भेटायचा हाय, असं ऐकलं मी,” संतोष सांगत होता. बोलताना त्याचा चेहरा उजळला होता. “म्हटलं, आपली त्राटिका अशी फुटकी कशी दाखवायची? मित्राच्या गॅरेजवर नेली. भेगेत पुट्टी भरली. पॉलिश पेपर मारून सगळा जुना रंग काढला, आधी जाड पेपर, मग बारीक. मग प्रायमर, मग कलर. बघा, कुठं ओघळ हाय का. हात फिरवून बघा बाई.”

बाईंनी हात फिरवला नाही. त्या स्टुलावर बसल्या. खाली कुणीतरी गव्हाचं दळण बाजरीच्या आधी घ्या म्हणून भांडत होतं, ते सगळं स्पष्ट ऐकू येत होतं.

“संतोष, चहा घेतलास का?” बाईंनी विचारलं.

“घेतला बाई.”

“कुणी सांगितलं तुला खरवडायला?”

आता संतोषच्या लक्षात आलं. त्यानं आधी माझ्याकडे बघितलं, मग टेबलाकडे. “कुणी न्हाई. मीच... सरफेस साफ केल्याबिगर आमच्यात कोट मारतच न्हाईत बाई. रंग धरत न्हाई.”

“तुझ्या आज्यानं रंग दिला, बापानं दिला. समद्यांनी वर चढवला. खाली उतरवला का कुणी?” बाईंची भाषा गावात पोचली होती. आवाज मात्र चढला नव्हता, त्याचीच मला भीती वाटली. “त्यांचे हात होते रं त्यात. पेपर मारून पुसलेस तू.”

संतोषनं खिशातून रुमाल काढला आणि तो हातात नुसता पिळत राहिला. “थिनर मारू का? दहा मिनिटांत निघंल. गाडीला बाटली हाय.”

“निघून खाली काय राहिलंय?”

मी घड्याळ बघितलं. मी म्हटलं, “बाई, ती चादरीत बांधून आतल्या पेटीत ठेवू या. मॅडमना सांगू, अजून गावाहून आलीच नाही. आज हॉल पक्का होऊ दे, मग सावकाश काय ते सांगता येईल.” मला अजूनही वाटतं, त्या वेळी सुचण्यासारखं शहाणपणाचं तेवढंच होतं.

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “ती आली आहे ना, पदवीधर? मग आली नाही कसं सांगू? तिच्यादेखत?”

जिन्यावर पावलं वाजली.

जोगळेकर मॅडम आल्या त्या प्रसन्न होत्या. बाईंनी नेहमीसारखे एक-दोन मुखवटे उलटे करून दाखवले, पण नेहमीचा प्रश्न त्यांनी विचारलाच नाही. मॅडमची नजर भिंतीवरून फिरत रिकाम्या खिळ्यावर आली. “माझी लाडकी कुठे आहे?”

बाई टेबलापासून बाजूला झाल्या.

मॅडम जवळ गेल्या, वाकल्या. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. वास त्यांनाही आला असणार. संतोष दारापाशी भिंतीला चिकटून उभा होता. त्याला जिना उतरून जाता आलं असतं. तो गेला नाही.

“हे कधी झालं?”

“या यात्रेनंतर,” बाई म्हणाल्या.

“कुणी केलं?”

मला वाटलं, बाई म्हणतील, गावात कुणीतरी. त्या म्हणाल्या, “हा संतोष. हिचा मान याच्या घराचा. तुम्हाला चांगली दिसावी म्हणून त्यानं सुट्टी घालवून केलं. वाईट केलं. फार वाईट केलं. पण हिला रंग द्यायचा हक्क त्याचा आहे, माझा नाही.”

मॅडम ओरडल्या नाहीत. खुर्ची ओढून बसल्या आणि अगदी समजुतीच्या सुरात म्हणाल्या, “ढमालेबाई, हॉल मी आजही देते. बाकीचे मुखवटे आहेत, त्यांच्यासाठी देते. पण एक अट. आत आलेली वस्तू पुन्हा बाहेर जाणार नाही. यात्रेला नाही, कशालाच नाही. आज जे झालं त्यानंतर हे मी तुम्हाला समजावायची गरज नसावी. तुम्ही आत्ता तोंडानं हो म्हणा, पुढच्या आठवड्यात आमची गाडी येईल.”

खाली गिरणी सुरू झाली. भिंतीवरचे सगळे माना हलवू लागले. मी मनात म्हणत होते, हो म्हणा बाई, हो म्हणा. दिवाळीपर्यंत किती दिवस उरलेत ते मला ठाऊक होतं, बाईंचं वय ठाऊक होतं. समोर ती लाल त्राटिका पडली होती. अटीच्या बाजूनं तिच्याइतका मोठा पुरावा दुसरा कुठला असणार?

पहिला बोलला तो संतोष. दारातूनच. “मॅडम बरोबर बोलतात बाई. देऊ नका आमाला. आमच्याकडं ऱ्हात न्हाई नीट. मी मान सोडला म्हणून लिहून देतो.”

बाई गर्रकन त्याच्याकडे वळल्या. “मान तुझ्या एकट्याचा हाय व्हय रं सोडायला? तुझा बाप गुडघं धरून वट्ट्यावर बसतोय आन् तू हितं मान सोडतोस? गप ऱ्हा.”

मग त्यांनी पदर सारखा केला आणि मॅडमशी पुन्हा शाळेच्या भाषेत बोलल्या. “मॅडम, तुमचं म्हणणं खोटं नाही. पण मी प्रत्येक घराच्या ओट्यावर बसून शब्द दिलाय. हे माझ्याकडे मुक्कामाला आहेत. मुक्कामाला आलेल्याला मी कुलूप लावू शकत नाही.”

“पुढच्या वर्षी आणखी एक असाच होऊन येईल.”

“येईल.”

“मग काय कराल?”

“मग पुन्हा रडेन,” बाई म्हणाल्या. “पण द्यायचा तेव्हा देईन.”

मॅडम जायला निघाल्या तेव्हा बाई त्यांना जिन्यापर्यंत सोडायला गेल्या. मॅडमनी त्यांचा हात हातात घेतला होता. दोघींत राग नव्हता. म्हणूनच मला जास्त जड गेलं. हॉल गेला होता.

त्या दिवशी मी बाईंशी भांडले. म्हटलं, तुमच्या शब्दापायी सगळे मुखवटे रस्त्यावर आले. त्या ब्रश घेऊन वेताळाचं नाक पुसत होत्या. म्हणाल्या, “रस्त्यावर नाही, घरी जातील.” माझं मत मी तेव्हाही लपवलं नाही आणि आजही बदललेलं नाही. हो म्हणायला हवं होतं. त्यातले दोन-तीन मुखवटे आज कुठे आहेत याचा पत्ता नाही, ते काचेत सुखरूप राहिले असते. बाईंना मी हे तोंडावर सांगितलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं, आणि मला टेम्पो ठरवायला पाठवलं.

दसऱ्यानंतर आम्ही मुखवटे परत करत फिरलो. टेम्पोत पुढे ड्रायव्हर, बाई आणि मी, मागे गोधड्यांत गुंडाळलेली सगळी मंडळी. चाकणच्या चौकात कंटेनरच्या गर्दीत आम्ही तासन्‌तास अडकायचो आणि बाई मागच्या काचेतून सारख्या वळून बघायच्या. प्रत्येक घरी त्या ओट्यावर बसायच्या, पाणी मागायच्या, मग सूचना: “प्लॅस्टिकमध्ये बांधायचं नाही, घाम सुटतो त्याला. बाथरूमच्या भिंतीला टांगायचं नाही. वाळवी बघत जा.” काही घरांनी हौसेनं घेतले. एका घरी सून म्हणाली, “आता याला कुठं ठेवू बाई, मुलं घाबरतात.” बाई म्हणाल्या, “घाबरू दे की. त्याचं कामच ते आहे.”

संतोषच्या घरी त्याच्या आईनं पिठलं-भाकरी केली होती. बाई पोटभर जेवल्या. हात धुताना संतोष तांब्या घेऊन उभा होता. हळूच म्हणाला, “बाई, चुकलं माझं.” बाईंनी हात पुसले. “चुकलंच. मी माफ केलं असं समजू नको. भाकरी चांगली होती, आईला सांग.” त्याचे वडील ओट्यावरून हसले. हसणं खोकल्यात गेलं.

रिकाम्या खोल्यांसकट गिरणी पाडली तेव्हा बाई बघायला गेल्या नाहीत. भाच्याकडे दिघीला राहायला गेल्या. मी जायचे. भिंतीवर काहीच नव्हतं. मी म्हटलं, एखादं चित्र तरी लावा. म्हणाल्या, “राहू दे. सवय आहे मला खिळ्यांची.” पुढच्या पावसाळ्यात त्या गेल्या. थोडंसं आजारपण, फार त्रास नाही. शाळांतले जुने विद्यार्थी आले होते, पांढऱ्या केसांचे. संतोष सेकंड शिफ्ट सोडून आला होता आणि खांदा द्यायला पुढे झाला तेव्हा त्याला कुणी अडवलं नाही.

पण त्याआधी एक चैत्र आला होता. बाई मला म्हणाल्या, “पदवीधर, यात्रेला नेतेस का?” मी त्यांना स्कूटरवर मागे बसवून संतोषच्या गावी नेलं. ऊन उतरलं होतं. देवळासमोरच्या पटांगणात माणसं दाटीनं उभी, कंपन्यांचे टी-शर्ट घातलेली पोरं, सोसायट्यांतून आलेली नवी कुटुंबं, मागे ओट्यांवर बायका. त्राटिकेची रीत अशी, की ती देवळामागून एकदम येते, हातात कडुलिंबाचा डहाळा, आणि समोर येईल त्याच्या अंगावर धावून जाते. सरपंच असो, मास्तर असो, घरचा असो. आतल्या माणसानं कुणाला ओळखायचं नसतं, आणि बाहेरच्यानं त्याला नावानं हाक मारायची नसते. बाईंना मी कडेला खुर्ची मिळवून दिली. त्या बसल्या नाहीत.

संबळ चढला आणि ती आली. तीच लाल, चकाकणारी, गालावर अख्खा मावळतीचा सूर्य घेऊन. गर्दी फाटली. तिनं एक गिरकी घेतली, थांबली आणि आमच्याकडे वळली. मला वाटलं, बाईंना बघून संतोष थबकेल, निदान बाजूनं जाईल. तो गेला नाही. डहाळा उगारून, घुमत, ती सरळ बाईंच्या अंगावर आली.

आणि ढमालेबाई पळाल्या. सत्तरी उलटलेली बाई, एका हातात निऱ्या, दुसऱ्यात चप्पल, पोरांच्या लोंढ्यात शिरून देवळाच्या पायऱ्यांपर्यंत पळत गेल्या. मी धापा टाकत त्यांच्याजवळ पोचले तेव्हा त्या पायरीवर बसल्या होत्या, खांद्यावर लिंबाची पानं, छाती वरखाली होत होती. मी पाणी पुढे केलं. त्यांनी बाटली बाजूला सारली आणि पटांगणाकडे बघत राहिल्या. तिथं त्राटिका आता सरपंचामागे लागली होती.

“रंग वाईटच दिसतोय,” बाई म्हणाल्या. “पण भ्याले बाई मी.”